लेक पॅरा व्हायला निघालीय. डॉक्टरला विमानातून उडी कशाला? विंग, मरून टोपी आणि आग्र्याबद्दल माहिती हवी

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझी थोरली सैन्यात डॉक्टर आहे. पुण्यात एएफएमसीला म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजला शिकली, आता कॅप्टन आहे. मागच्या सुट्टीत घरी आली तेव्हा ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, आई मी पॅरासाठी नाव दिलंय. मला वाटलं पॅरामेडिकलचा कुठला कोर्स असेल. मग कळलं की विमानातून उडी मारायची आहे. तिचे बाबा काही बोलले नाहीत, नुसतं ताक वाढून घेतलं. भाऊजी मात्र लगेच म्हणाले, डॉक्टरबाईला उडी मारायची गरजच काय, पेशंट काय ढगात असतात का. आणि वर हेही म्हणाले की पाच उड्या मारल्या की विंग देतात, त्यात एवढं कौतुक काय.

लेक काही उलट बोलली नाही पण तिचा चेहरा उतरला ते मी बघितलं. तेव्हापासून मनात बसलंय. मला नीट समजून घ्यायचंय. तिथे नक्की काय शिकवतात, विंग वेगळी आणि टोपी वेगळी असं ती म्हणते ते काय, आणि डॉक्टरला खरंच हे लागतं का. आणि फोनवर कुणीतरी काचेचा ग्लास चावून खाण्याचा व्हिडिओ पाठवलाय, तो बघून मी रात्रभर झोपले नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा, मनापासून विचारतेय.

चहाटळ
ताई अभिनंदन!! आमची आई असती तर विमानाच्या दारापर्यंत डबा घेऊन गेली असती आणि ढकलताना म्हणाली असती, खाली पोचलीस की मिस्ड कॉल दे.

कोयनाकाठ
अहो मी पण तेच म्हणाले तिला, पोचलीस की कळव 🙂

इतिहासवेडा
तुमच्या भाऊजींना एकच गोष्ट सांगा. हिंदुस्थानी सैन्यातला पॅराशूटने उडी मारणारा पहिला भारतीय अधिकारी डॉक्टरच होता.

१९४१ च्या ऑक्टोबरात दिल्लीत ५० वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. त्याच महिन्यात १५ तारखेला कराचीला लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग यांनी व्हॅलेन्शिया विमानातून उडी मारली. रंगराज १५२ व्या पॅराशूट बटालियनचे डॉक्टर होते. त्या काळी सगळ्याचीच वानवा होती, विमानं जुनाट, छत्र्या मोजक्या. शाळा आधी दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर होती, मग रावळपिंडीजवळ चकलालाला हलली, फाळणीनंतर आपल्या वाट्याचं ते काम आग्र्याला आलं. तिथे आज जी पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल आहे ती हवाई दलाची आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उडी मारणारा सैन्याचा, शिकवणारा हवाई दलाचा.

रंगराज यांची खरी गोष्ट पुढे कोरियात आहे. वेळ मिळाला की लिहितो.

पुणेरी_पाटी
एक शंका. आपण सगळे पॅराशूट, पॅराट्रूपर म्हणतोय. लहानपणी वर्तमानपत्रात छत्रीधारी सैनिक असं यायचं. ७१ च्या युद्धाच्या बातम्या वडील मोठ्याने वाचायचे त्यात हाच शब्द होता. किती छान शब्द आहे, का गेला?

सांगलीची_हळद
हवाईछत्री पण म्हणायचे. पण छत्रीधारी म्हटलं की मला मुंबईच्या पावसात लोकल पकडणारी माणसंच डोळ्यासमोर येतात.

मरून_टोपी
राम राम. मी सातारा जिल्ह्यातला, पॅरामधून सुभेदार म्हणून रिटायर झालो. टायपिंग हळू आहे म्हणून उशीर होतोय. ताई तुमचा धागा काल रात्री वाचला, आज सकाळी शेतावर जायच्या आधी लिहायला बसलोय.

पहिलं तुमच्या भाऊजींचं. पाच उड्या हे खरं आहे. बेसिक कोर्सला पाच जंप असतात, त्यात एक रात्रीची. पण पाच उड्यांपर्यंत पोचायलाच माणसाचं पाणी निघतं. आमच्या वेळी आधी युनिटमध्ये प्रोबेशन. पॅराला नुसती भरती नाही होता येत, आपणहून नाव द्यावं लागतं आणि मग युनिट बघतं हा माणूस आपल्यात ठेवायचा का नाही. माझं तीन महिने चाललं. स्पेशल फोर्सेसचं याहून लांब असतं. त्या दिवसांत नावाला काही किंमत नसते, झोप नाही, पाठीवर वजन घेऊन पळायचं, पळून आल्यावर परत पळायचं, मध्येच कुणीतरी उठवून विचारणार काल रस्त्यात किती पूल लागले. माझ्याबरोबर गेलेल्यातले निम्म्याहून जास्त परत गेले. वाईट पोरं नव्हती, चांगली दणकट पोरं होती. एक तर माझ्यापेक्षा किती तरी जोरात पळायचा. एका रात्री त्याने पिट्टू, म्हणजे पाठीवरची बॅग, खाली ठेवला आणि बसला. कुणी त्याला ओरडलं पण नाही. सकाळी त्याची बॅग भरलेली होती.

त्यात जे टिकतात ते आग्र्याला. तिथे पहिले दिवस विमान दिसतसुद्धा नाही. नुसतं पडायला शिकवतात. हसू नका, पडणं हीच खरी विद्या आहे. दोन्ही पाय, दोन्ही गुडघे चिकटवायचे, हनुवटी छातीला, कोपरं आत, आणि जमिनीला पाय लागला की अंग वळवून पोटरी, मांडी, कंबर, पाठ असा मार वाटून घ्यायचा. उजवीकडं, डावीकडं, मागं. दिवसातून किती वेळा ते मोजत नाही कुणी. रात्री झोपेत पण रोल होतो माणूस. छत्रीने खाली येताना जो वेग असतो तो पाच-सहा फुटी कट्ट्यावरून उडी मारल्यासारखा. ऐकायला काही नाही, पण पाठीवर सामान, वारा आडवा, आणि पाय फाकलेले असले की घोटा गेलाच.

मग विमानाचा सांगाडा असतो जमिनीवर, मॉकअप म्हणतात, त्यातून बाहेर कसं पडायचं. मग फॅन. उंचावरून दोरीला बांधून सोडतात आणि वर ड्रमला पाती असतात, ती हवेत फिरून तुमचा वेग कमी करतात. तिथे पहिल्यांदा पोटात गोळा येतो. आमच्यातला एक जण विमानाला घाबरला नाही पण फॅनच्या कठड्यावर थरथरत होता.

बाकी नंतर लिहितो, मोटर चालू करायचीय, लाईट फक्त ११ पर्यंत आहे.

चहाटळ
काका मोटर बंद केल्यावर लगेच या. आम्ही इथेच अॅक्शन स्टेशन.

डॉ_घाटमाथा
मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त. पॅरा नव्हतो, पण पॅरा डॉक्टरांबरोबर काम केलंय. कोयनाकाठ ताई, "डॉक्टरला गरज काय" याचं उत्तर अगदी साधं आहे. रस्ता नसेल तिथे तुकडी उतरते. उतरतानाच माणसं जखमी होतात, नंतर गोळी लागते ती वेगळी. जखमेनंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो. तेव्हा तिथे हात असलेला माणूस हवा, आणि तो तिथे छत्रीनेच पोचू शकतो. डॉक्टर मागून जीपने येतो म्हटलं तर जीप येणार कुठून?

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पॅरा पलटणीतला जवान ज्याने आपल्याबरोबर उडी मारली त्याच डॉक्टरला मनातलं सांगतो. गुडघा दुखतोय हे लपवणारे जवान मी शेकड्याने बघितलेत, कारण सांगितलं तर जंप जाते. तो जवान आपल्या विंगवाल्या डॉक्टरला खरं सांगतो.

आणि महिला डॉक्टर म्हणून तुमची लेक पहिली नाही. हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनी १९५९ मध्ये उडी मारली, पॅराशूटने उतरणाऱ्या पहिल्या भारतीय महिला त्या. म्हणजे पहिला तो डॉक्टर, पहिली ती पण डॉक्टर. सांगा भाऊजींना.

सांगलीची_हळद
वा! हे माहीतच नव्हतं. १९५९ म्हणजे माझ्या आजीला तेव्हा एकटीने एसटीने सांगलीला जायची परवानगी नव्हती.

पुणेरी_पाटी
पुण्याच्या शीतल महाजनचं नाव पण यायला हवं. त्या सैन्यातल्या नाहीत, स्कायडायव्हर आहेत, पण २००४ ला उत्तर ध्रुवावर, मग २००६ ला दक्षिण ध्रुवावर उडी मारली. थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली ती तर सगळ्यांनी बघितली असेल. पद्मश्री मिळालीय. आमच्या पेठेत एका आजींनी तो व्हिडिओ बघून एवढंच विचारलं होतं, काष्टा सुटला कसा नाही.

जुना_कॅडेट
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. विंगचं प्रस्थ जरा जास्तच झालंय असं मला वाटतं. धोनीने २०१५ ला आग्र्याला पाच उड्या मारल्या आणि विंग मिळवली, मान्य. पण दुसरीकडे एखादा पायदळातला जवान सियाचीनमध्ये राहून येतो, त्याच्या छातीवर लोकांना ओळखू येईल असं काय असतं? २०१९ च्या वर्ल्ड कपात धोनीच्या ग्लोव्हजवरच्या चिन्हावरून केवढा गदारोळ झाला. लोकांना त्या चिन्हाचं नाव कळलं, अर्थ किती जणांना कळला?

मरून_टोपी
मोटर चालली, पाणी झालं. आता निवांत आहे.

जुना कॅडेट भाऊ, तुमचं सियाचीनचं बोलणं मला शंभर टक्के मान्य. माझा सख्खा चुलतभाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता, तो माझ्यापेक्षा तसूभर कमी नाही. पण धोनीबद्दल सांगतो. तो मानद अधिकारी असेल, मोठा माणूस असेल, पण १२५० फुटांवर एएन-३२ मधून बाहेर पाय टाकताना छत्रीला कुणाचं नाव माहीत नसतं. पाची वेळा त्याने पाय टाकला. म्हणून विंग त्याची.

ग्लोव्हजवरचं चिन्ह वेगळं. ताईंनी विचारलंय म्हणून तीन गोष्टी वेगळ्या करून सांगतो, माणसं यात फार घोळ घालतात. विंग म्हणजे पॅराशूटची पंख असलेली खूण, ती उड्या पूर्ण केल्या की मिळते, वर्दीवर उजव्या छातीला लागते. मरून टोपी म्हणजे तुम्ही हवाई छत्रीवाल्या फौजेचे झालात. ती फक्त पॅराशूट रेजिमेंटलाच असते असं नाही, ब्रिगेडबरोबरचे इंजिनिअर, सिग्नलवाले, डॉक्टर सगळे घालतात. आणि बलिदान हा बिल्ला, खाली टोक केलेली कट्यार, तिला पंख आणि देवनागरीत बलिदान लिहिलेलं, तो स्पेशल फोर्सेसचा, ग्लोव्हजवर होता तो हाच. तुमच्या मुलीला विंग आणि टोपी मिळेल.

आता उडीचं. पहाटे उठवतात, वाऱ्याचा अंदाज घेतात, वारा जास्त असला की नुसतं बसवून ठेवतात. हे बसणं सगळ्यात वाईट. अंगावर पट्टे आवळलेले, पुढे पोटावर राखीव छत्री, पाठीवर मोठी, लघवीला जायची पण सोय नाही. मग विमानात दोन्ही बाजूला बसायचं, आवाज एवढा की शेजाऱ्याचं ओरडणं ऐकू येत नाही. उभे राहा म्हटल्यावर आपली पट्टी वरच्या तारेला अडकवायची, स्टॅटिक लाइन. ती तार विमानात राहते, तुम्ही बाहेर गेलात की तीच पट्टी छत्री ओढून उघडते. म्हणजे तुम्हाला हाताने काही करायचं नसतं. पुढच्याची पट्टी तुम्ही तपासायची, तुमची मागच्याने. मग लाल दिवा. मग हिरवा. मग गो.

पहिल्या उडीचं मला काही आठवत नाही. खरंच. एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार असं मोजायचं असतं, तोवर झटका बसला पाहिजे, नाही बसला तर राखीव. मी मोजलं का ते आठवत नाही. एकदम खांद्याला झटका बसला आणि सगळा आवाज बंद. विमान गेलं. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. खाली कुठंतरी कुत्रं भुंकत होतं ते वर ऐकू येत होतं. आग्र्याजवळचं मालपुरा गावचं मैदान, आजूबाजूला मोहरीची शेतं पिवळी. मिनिटभराचा खेळ सगळा.

पण खरी परीक्षा दुसरी उडी. पहिल्या वेळी माहीत नसतं काय होणार. दुसऱ्या वेळी सगळं माहीत असतं. आदल्या रात्री आमच्या बॅरेकमध्ये कुणी बोलत नव्हतं. मी आईला पत्र लिहिलं, त्यात उडीबद्दल एक अक्षर नाही, म्हशीचं विचारलं होतं, व्याली का.

कोयनाकाठ
सुभेदार साहेब, तुमचं लिहिणं मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हशीपर्यंत आले आणि आवाजच फुटेना. ते म्हणाले परत वाच.

इतिहासवेडा
आता रंगराज यांचं राहिलेलं. १९५० ला कोरियात युद्ध पेटलं तेव्हा भारताने लढणारी फौज पाठवली नाही, ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पाठवली, म्हणजे दवाखाना. प्रमुख लेफ्टनंट कर्नल रंगराज, नऊ वर्षांपूर्वी कराचीला उडी मारलेले तेच. डिसेंबरात चिनी फौजा आल्या आणि प्याँगयांगहून सगळे मागे निघाले. यांना सांगितलं की सामान सोडा, गाड्या नाहीत. पण दवाखाना सामान सोडून जाऊन करणार काय? यांनी सोडून दिलेलं एक रेल्वे इंजिन आणि डबे शोधले, बादल्यांनी पाणी भरून वाफ धरली, युनिटमधल्याच ज्यांना इंजिनाची माहिती होती त्यांनी ते चालवलं आणि पूल उडवण्याच्या आधी नदी ओलांडून सगळं सामान बाहेर काढलं.

मग २३ मार्च १९५१ ला मुनसानला अमेरिकन छत्रीधारी फौजेने उडी घेतली त्यांच्याबरोबर आपले डझनभर लोक उतरले. रंगराज स्वतः त्यात होते. उतरून लगेच जखमींवर काम सुरू. त्यांना महावीर चक्र मिळालं. डॉक्टरला, तेही दुसऱ्याच्या युद्धात, माणसं वाचवण्याबद्दल!

हेच ६० पॅरा पुढे २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा इस्केंदेरुनला जाऊन बसलं होतं. एका तुर्की बाईने भारतीय लष्करी डॉक्टरच्या गालाचा मुका घेतलेला तो फोटो सगळीकडे फिरला होता, आठवतोय? त्या डॉक्टर याच दवाखान्याच्या.

सांगलीची_हळद
आठवतोय!! तो फोटो मी डीपीला ठेवला होता.

परदेशी_पाखरू
मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो, फोर्ट ब्रॅगपासून जवळ. ८२ वी एअरबोर्न इथली, त्यामुळे भाजी आणायला गेलं तरी मरून टोपी दिसते. शेजारी एक निवृत्त पॅराट्रूपर आजोबा आहेत, त्यांना हा धागा भाषांतर करून सांगतोय, त्यांना रेल्वे इंजिनाची गोष्ट इतकी आवडली की दोनदा ऐकली.

त्यांच्याकडे पण पाचच उड्या असतात बेसिकला, तीन आठवड्यांचा कोर्स, जॉर्जियात. एक आठवडा जमीन, एक टॉवर, एक उड्या. लढाईत उडी मारली असेल तर विंगवर छोटी चांदणी लागते. छत्र्या घडी करणारे जे असतात त्यांनाही स्वतः उडी मारावी लागते, मला हे फार आवडलं. आपण बांधलेल्या गाठोड्यावर आपण उडी मारायची तयारी पाहिजे.

पण एक वाईट प्रथा पण होती. विंगच्या मागच्या दोन पिना असतात, त्यांची टोपणं न लावता विंग छातीवर ठेवायची आणि वरून बुक्की मारायची. रक्ताची विंग म्हणायचे. १९९७ मध्ये इथल्याच एका तळावरचे मरीनचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवले, जवान किंचाळतायत आणि बाकीचे मारतायत. संरक्षण मंत्र्यांनी जाहीर निषेध केला. आजोबांना मी विचारलं तुमचं काय मत, ते म्हणाले माझ्या वेळी होतं, मी पण घेतलं, पण माझ्या नातवाला कुणी मारलं तर मी त्याचा हात मोडीन.

कोयनाकाठ
बापरे. आपल्याकडे असं नाही ना? तो काचेचा व्हिडिओ खरा आहे का कुणी सांगत नाहीये.

मरून_टोपी
ताई मी मुद्दाम टाळत होतो. खोटं सांगणार नाही. टोपी मिळते त्या रात्री रम भरलेला ग्लास देतात, रम प्यायची आणि ग्लासची कड दाताने तोडून चावून गिळायची, ही प्रथा आपल्याकडच्या पॅरात आहे, जुनी आहे. कोर्समध्ये हे कुठं लिहिलेलं नाही, शाळेचा याच्याशी संबंध नाही. मी केलंय. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला आणि आजही वाटतो, कारण त्या रात्री ज्यांच्या शेजारी बसून केलं ते माझे सख्ख्या भावासारखे आहेत. पण डॉक्टर मुलीला कुणी जबरदस्ती करेल असं मनात आणू नका.

डॉ_घाटमाथा
सुभेदार साहेब, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. मला ही प्रथा पटत नाही. बारीक चावलेली काच बहुतेक वेळा काही न करता निघून जाते हे खरं, पण "बहुतेक वेळा" हा शब्द डॉक्टरला पुरत नाही. तीन महिने ज्याला घासूनपुसून तयार केला, देशाने ज्याच्यावर एवढा खर्च केला, त्याच्या आतड्याला एका रात्रीच्या हौसेसाठी भोक पडायची शक्यता का ठेवायची? त्याने जे कमावायचं ते आधीच कमावलेलं आहे.

मरून_टोपी
डॉक्टर साहेब तुमचं बरोबर आहे. माझ्या मुलाने विचारलं तर त्याला मी नको म्हणेन. पण माझी ती रात्र मला परत दिली तर मी परत तसंच करेन. दोन्ही खरं आहे, काय करू.

जुना_कॅडेट
हे आवडलं. यावर वाद घालायचा नाही मला.

इतिहासवेडा
भाऊजींच्या "पाच उड्या त्यात काय" वर अजून एक. १९६१ च्या सप्टेंबरात ब्रिगेडियर सगतसिंग यांना ५० पॅरा ब्रिगेड दिली. माणूस पायदळातला, वय ४२, छातीवर विंग नाही. ब्रिगेडचा प्रमुख आहे म्हणून टोपी घालून बसता आलं असतं का? नाही. त्या वयात प्रोबेशन केलं, उड्या मारल्या, मग मरून टोपी घातली. आणि डिसेंबरात हीच ब्रिगेड घेऊन गोव्यात उतरले, म्हणजे रस्त्याने बरं का, छत्रीने नाही. ब्रिगेडची कामगिरी ठरली होती मदतीची, पण हे इतक्या झपाट्याने गेले की पणजीत पहिले हेच पोचले. त्यांच्याबरोबर २ पॅरा ही बटालियन होती, ती आधीची ३ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन.

म्हापशेकर
माझे आजोबा तेव्हा मांडवीच्या काठावर उभे होते. सैनिक मराठीत बोलतायत हे ऐकून त्यांना रडू आलं होतं असं सांगायचे.

सांगलीची_हळद
२ पॅरा म्हणजे ती टांगाईलवाली ना?

मरून_टोपी
तीच. ११ डिसेंबर १९७१, दुपार कलल्यावर, आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला. बटालियनच्या बटालियनने उडी मारली, कर्नल पन्नू साहेब. जमालपूर-मैमनसिंगकडून मागे येणारी पाकिस्तानी ब्रिगेड ढाक्याला पोचू द्यायची नव्हती म्हणून लोहाजंग नदीवरचा पूंगली पूल धरायचा होता. धरला. १६ तारखेला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत हीच पोरं होती.

आमच्या शेजारच्या गावचे एक आजोबा त्या उडीत होते. मी भरती झालो तेव्हा पाया पडायला गेलो. ते म्हणायचे उतरलो तर खाली तळं, कमरेएवढं पाणी, आणि काठावर गावकरी उभे, आम्ही बंदूक रोखली तर ते ओरडतायत जय बांगला. मग त्याच लोकांनी आमचं विखुरलेलं सामान डोक्यावर घेऊन पुलाकडं आणून दिलं. आजोबांच्या जुन्या कोटाला विंग होती, कापडाची, कडा उसवलेल्या. सुनेने कोट धुवायला घेतला की आधी ती टाके उसवून काढून ठेवायचे आणि वाळला की स्वतः परत शिवायचे. दुसऱ्या कुणाला सुई लावू द्यायचे नाहीत.

पुणेरी_पाटी
हे वाचून दोन मिनिटं काही टाइप करता आलं नाही.

चहाटळ
मी सहसा चेष्टाच करतो इथे. आज नाही. काका, नमस्कार.

कोयनाकाठ
सगळ्यांना उत्तर द्यायचंय पण लेकीचा फोन येईल म्हणून फोन मोकळा ठेवतेय. प्रोबेशन झालं तिचं. आग्र्याला पोचलीय. दोन शब्द बोलली, आई अंगाचा एक भाग दुखत नाही असा नाही. मी म्हटलं हनुवटी छातीला, गुडघे चिकटव. फोनवर शांतता. मग विचारते, तुला कुणी सांगितलं?

सांगलीची_हळद
😂😂 आग्र्याच्या उस्तादांना म्हणावं, आमच्या ताई पण ट्रेनिंग घेतायत.

परदेशी_पाखरू
आजोबा विचारतायत, उडी कधी आहे. त्यांनी कॅलेंडरवर लिहायचं म्हटलंय.

कोयनाकाठ
आज सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी मेसेज आला. एकच शब्द. "पोचले."

देवापाशी दिवा लावला होता तो तसाच ठेवलाय. भाऊजी सकाळपासून तीनदा येऊन गेले, आला का फोन, आला का फोन. आता बसलेत आमच्याकडेच, हा धागा पहिल्यापासून वाचतायत, सुभेदार साहेबांचं लिहिलेलं वाचताना ओठ हलतायत त्यांचे. मघाशी मान वर करून विचारलं, रंगराज साताऱ्याकडचे का गं?

इतिहासवेडा
त्यांना सांगा नाही, पण मनात आणलं तर आपलेच.

मरून_टोपी
शाबास पोरी. ताई, पेढे खा, पण एक ऐका. दुसरी जंप अजून व्हायचीय. आदल्या रात्री तुम्हीच फोन करा. उडीचं काही विचारू नका. घरचं बोला. म्हैस नसेल तर कुंडीतल्या मोगऱ्याचं सांगा.

कोयनाकाठ
मोगरा नाही साहेब, अबोली आहे. तिनेच लावलेली. आज रात्री साडेआठला फोन करते.